फोटोत धाप दिसत नाही

फोटोग्राफीच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवतात की बटण दाबताना श्वास अर्धा सोडावा आणि उरलेला रोखून धरावा, म्हणजे कॅमेरा हलत नाही. शिकवणाऱ्याचे काही चुकत नाही. तो दादरला किंवा सदाशिव पेठेत शिकवत असतो, एवढेच. तोच विद्यार्थी पुढे कधीतरी पेरूतल्या विनिकुन्का नावाच्या रंगीत डोंगरासमोर, पाच हजार मीटर उंचीवर उभा राहतो, तेव्हा रोखायला आधी श्वासच सापडत नाही. सापडला आणि रोखला, तर भरदिवसा डोळ्यांपुढे तारे चमकतात, आणि ते फोटोत येत नाहीत. खालच्या कोनातून डोंगर आणखी भव्य दिसेल म्हणून गुडघ्यावर बसावे, तर बसणे जमते. उठणे हा वेगळा कार्यक्रम असतो. त्याला दोन माणसे लागतात.

अँडीजच्या उंच भागात फिरून आलेल्या माणसाचे फोटो आणि तो माणूस यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो, तो असा. फोटोत निळेभोर आकाश, कानटोपीचे रंगीत गोंडे, पसरलेले दोन्ही हात आणि विजयी हास्य. ते हास्य सेकंदाच्या दोनशेव्या भागापुरते असते. त्याच्या आधीचा पाऊण तास आणि नंतरची दहा मिनिटे तो गृहस्थ एका दगडावर बसून, आपल्याला घरचे अडवत होते ते का, याचा विचार करत होता.

धाप लागण्याचे कारण साधे आहे. हवेतले प्राणवायूचे प्रमाण वर काय नि खाली काय, २१ टक्केच. पण वर हवेचा दाबच कमी. पेरूतले कुस्को शहर ३,४०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) दुपटीहून उंच. तिथे दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश भरतो, पाच हजार मीटरवर जेमतेम निम्मा. लिमा समुद्रकाठी. तिथून विमान सव्वा-दीड तासात प्रवाशाला कुस्कोत आणून सोडते, आणि या व्यवहाराची शरीराला कोणी आगाऊ कल्पना दिलेली नसते. डोके ठणकते, भूक मरते, झोप उडते. याला तिकडे ‘सोरोचे’ म्हणतात. डॉक्टरांचा सल्ला असा, की तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. सहली आखणाऱ्यांचा सल्ला असा, की पहिला दिवस आरामाचा; म्हणून दुपारी फक्त शहर बघायचे, तेही चालत, तेही चढाचे.

ही तक्रार नवी नाही. स्पॅनिश जेझुइट पाद्री होसे दे आकोस्ता सोळाव्या शतकात पेरूतला पारियाकाका घाट ओलांडत असताना त्याला इतक्या ओकाऱ्या झाल्या की आता प्राणच जातो असे त्याला वाटले. प्राण गेला नाही. १५९० मध्ये छापलेल्या ग्रंथात त्याने हे सारे तपशीलवार लिहून ठेवले, आणि तिथली हवा माणसाच्या श्वासाला पुरणार नाही इतकी विरळ आहे, असा निष्कर्षही काढला. दाब मोजायचे यंत्र निघण्याआधीचा हा निष्कर्ष आहे. त्याच्या पोटानेच ते काम केले.

पुढे १८०२ मध्ये अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट इक्वेडोरातल्या चिंबोरासोवर चढला. शिखर हाती लागले नाही. पण त्या काळी तेवढ्या उंचीवर कोणी पोहोचल्याची नोंद नव्हती. त्याला आणि सोबत्यांना गरगरले, मळमळले, हिरड्यांतून आणि ओठांतून रक्त आले. हे त्याने प्रामाणिकपणे नोंदवले. आता फ्रीडरिश गेओर्ग वाइट्शने काढलेले चित्र पाहावे. चिंबोरासोच्या पायथ्याशी हुम्बोल्ट आणि त्याचा सहकारी बोंप्लां इस्त्रीच्या कपड्यांत, हातात उपकरण, चेहऱ्यावर विद्वत्ता, मागे शुभ्र शिखर. हिरड्या ठणठणीत. अँडीजमधून आलेला प्रत्येक फोटो या चित्राच्या खानदानातला आहे.

कुस्कोत उतरल्याबरोबर हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा पुढे येतो. तो निरुपद्रवी असतो, चवीला गवती चहाच्या दूरच्या नात्यातला. पेरू आणि बोलिव्हियात तो कायदेशीर आणि घरगुती. मात्र भारतात कोकाचे पान अमली पदार्थांच्या कायद्यात मोडते, तेव्हा ‘सासूबाईंसाठी एक पाकीट’ हा विचार तिथेच सोडावा. काही महागड्या हॉटेलांत खोलीत प्राणवायू सोडण्याची सोय असते, बाकीच्यांत कचेरीच्या टेबलामागे नळकांडे उभे असते. उंचीचा सगळ्यात खात्रीचा पुरावा मात्र बॅगेत सापडतो. लिमात घेतलेले वेफर्सचे पाकीट वर पोचेपर्यंत टम्म फुगलेले असते, शांपूने बाटलीतून बाहेर पडून स्वेटर धुवायला घेतलेला असतो, आणि सनस्क्रीनचे झाकण उघडताच पुढचा माणूस पांढरा होतो. हजारो किलोमीटरवरून आलेला माणूस कुस्कोतला पहिला फोटो काढतो तो वेफर्सच्या पाकिटाचा.

दुसरा फोटो मेंढीच्या कोकराचा. शहराच्या मुख्य चौकाजवळ आणि आजूबाजूच्या दगडी गल्ल्यांत लाल जाकिटे, घेरदार घागरे आणि सपाट टोप्या घातलेल्या बायका-मुली कडेवर कोकरू किंवा अल्पाकाचे पिल्लू घेऊन उभ्या असतात. पिल्लालाही लोकरी टोपी. यांना कुस्कोत ‘साकामेफोतोस’ म्हणतात, म्हणजे ‘माझा फोटो काढ’वाल्या. नव्याने आलेल्या फोटोग्राफरला हे सारे फार बनावट वाटते. त्याला खरेखुरे, नकळत टिपलेले जीवन हवे असते. तो रस्त्याच्या पलीकडे जाऊन, दुसरीकडेच बघत असल्यासारखे करून, मोठ्या लेन्सने नेम धरतो. पलीकडची बाई त्याच क्षणी टोपी चेहऱ्यावर ओढते, कोकरू पाठीमागे नेते आणि मोकळा हात पुढे करते. सोलची नाणी त्यात पडली की टोपी वर जाते, कोकरू पुढे येते, दात दिसतात. साहेबांना राग येतो. का यावा, हे कळत नाही. आपल्याकडे लग्नातला फोटोग्राफर पैसे घेतो. इथे फोटोत उभी राहणारी घेते, आणि कोकरालाही पाळी असल्यासारखे दुपारपर्यंत उभे ठेवते. धंदा दोन्हीकडे एकच आहे. तिच्याकडे सुटे पैसेही असतात, जे शहरातल्या निम्म्या दुकानांत नसतात.

कुस्कोतला जो फोटो सगळ्यांना हवा असतो तो मात्र काढताच येत नाही. मोठ्या चर्चमध्ये मार्कोस सापाता या अठराव्या शतकातल्या स्थानिक चित्रकाराने रंगवलेले ‘शेवटचे भोजन’ आहे. येशू आणि शिष्य टेबलाभोवती बसले आहेत, आणि मधल्या ताटात पाय वर करून आख्खा भाजलेला ‘कुई’, म्हणजे गिनीपिग, पडला आहे. अँडीजमध्ये सणासुदीला जे होते तेच चित्रकाराने जेरुसलेमात वाढले. आत फोटोला बंदी आहे. त्यामुळे हे चित्र नुसत्या डोळ्यांनी बघावे लागते, आणि सवय सुटलेल्या मंडळींची तिथे पंचाईत होते; हातांचे काय करावे हे सुचत नाही. बाहेर हातुन रुमियोक नावाच्या गल्लीत इंका भिंतीतला बारा कोनांचा दगड आहे. त्याचा फोटो चालतो, हात लावलेला चालत नाही. दगड शेजारच्या दगडांत असा बसवला आहे की फटीत पातेही सरकणार नाही. गंमत म्हणजे भिंतीतले बाकीचे दगडही तितकेच चोख बसलेले आहेत. पण त्यांचे कोन कोणी मोजले नाहीत, म्हणून त्यांच्यापुढे रांग नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत एका माणसाने रात्री येऊन या दगडावर हातोडा चालवला आणि टवके उडवले. त्यानंतर तर कोन बघायला येणाऱ्यांत टवके बघायला येणाऱ्यांचीही भर पडली.

माचू पिच्चू या सगळ्यांपेक्षा खाली आहे, २,४३० मीटरवर. कुस्कोहून जवळजवळ एक किलोमीटर उतरून माणूस तिथे पोचतो, आणि दोन दिवस पायऱ्या मोजत चढणारे काका एकदम टणाटण चालू लागतात. याचे श्रेय काका आपल्या रोजच्या सूर्यनमस्कारांना देतात.

इथला फोटो ठरलेला आहे. तो कुठून काढायचा ती जागा ठरलेली, तिथे पोचायचा मार्ग ठरलेला. तिकिटावर तास छापलेला असतो आणि वाट एकमार्गी, म्हणजे ‘डोळे मिटले होते, परत जाऊन काढू’ ही सोय नाही. तिवई नाही, सेल्फीकाठी नाही, ड्रोन नाही. पहारेकरी शिट्टी घेऊन उभे असतात. फोटोत भग्न शहरामागे जो टोकदार सुळका येतो त्याला जगभरचे लोक माचू पिच्चू समजतात. तो वायना पिच्चू. खरा माचू पिच्चू डोंगर फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे असतो आणि गेली शंभर वर्षे पाठच बघतो आहे.

ठरलेल्या फोटोची ही प्रथा हायरम बिंगहॅमने पाडली. येल विद्यापीठातला हा अध्यापक २४ जुलै १९११ रोजी एका स्थानिक शेतकऱ्याच्या आणि मग एका लहान मुलाच्या मागोमाग तिथे चढला. वर शेतकरी कुटुंबे राहत होती, इंकांच्या पायऱ्यांवर पिके घेत होती. म्हणजे ‘हरवलेले शहर’ ज्यांच्या परसात होते त्यांना ते कधी हरवल्यासारखे वाटले नव्हते. बिंगहॅमजवळ कोडॅक कॅमेरा होता, आणि त्यांच्याजवळ नव्हता. शोध कोणाच्या नावावर लागला हे त्यातच आले. एप्रिल १९१३ चा ‘नॅशनल जिओग्राफिक’चा संपूर्ण अंक त्याच्या लेखाने आणि फोटोंनी भरला. त्याच्याही आधी आगुस्तिन लिसार्रागा नावाचा कुस्को भागातला माणूस तिथे येऊन गेला होता, आणि त्याने तीन खिडक्यांच्या मंदिराच्या भिंतीवर कोळशाने आपले नाव आणि १९०२ हे साल लिहून ठेवले होते. आपल्याकडे राजगडाच्या माचीवर ‘पप्पू + सोनी’ लिहिणाऱ्याला शोधक म्हणून मान्यता मिळालेली नाही. लिसार्रागालाही ती फार उशिरा आणि अर्धवटच मिळाली. बिंगहॅमने ते नाव वाचले होते, वहीत टिपलेही होते. पुढे तो अमेरिकेचा सिनेटर झाला.

तेव्हापासून या शहराने कॅमेऱ्यापुढे पुष्कळ सोसले. २००० मध्ये बिअरच्या एका जाहिरातीचे चित्रण चालू असताना क्रेन कोसळली आणि इंतिवाताना या सूर्यशिळेचा कोपरा उडाला. स्पॅनिश सैन्याला जे शहर सापडले नव्हते ते जाहिरातवाल्यांना सापडले. २०१४ मध्ये अंगावरचे कपडे काढून फोटो काढायची लाट आली. बऱ्याच पाहुण्यांना पोलिसांनी पकडले आणि पहारा वाढवावा लागला. सकाळच्या धुक्यात तिथे स्वेटर घालूनही हुडहुडी भरते, हे लक्षात घेता या मंडळींच्या कलेवरील निष्ठेबद्दल शंका नको.

भारताची हजेरी मात्र सुशोभित आहे. २०१० च्या ‘एंदिरन’मध्ये, म्हणजे हिंदीतल्या ‘रोबोट’मध्ये, रजनीकांत आणि ऐश्वर्या राय माचू पिच्चूच्या पार्श्वभूमीवर नाचले. गाण्याचे बोल किलिमांजारोवर. किलिमांजारो आफ्रिकेत. पर्वत बदलला तरी प्रेमात फरक पडत नाही, हे सिनेमाने पूर्वीच सिद्ध केलेले असल्यामुळे कोणी तक्रार केली नाही. एवढ्या कवायतीत रजनीकांतला धाप लागलेली दिसत नाही. पण तो २,४३० मीटरवर होता आणि रजनीकांत होता.

विनिकुन्का, ऊर्फ ‘इंद्रधनुष्य पर्वत’, हे प्रकरण वेगळे. २०१५ च्या आसपासपर्यंत आजूबाजूच्या मेंढपाळांखेरीज त्याचे फारसे कोणाला सोयरसुतक नव्हते. मग त्याचे फोटो इंटरनेटवर पसरले आणि कुस्कोहून पहाटे तीन-चारला गाड्या सुटू लागल्या. डोंगरावर खरेच पट्टे आहेत : लोहाच्या ऑक्साइडचा तांबडा, गंधकयुक्त खनिजांचा पिवळा, क्लोराइटचा हिरवट. पण फोनवरच्या फोटोत ते पट्टे नुकत्याच रंगवलेल्या रिक्षाइतके चकाकतात, आणि प्रत्यक्षात, विशेषतः ढग आल्यावर, मावळतात. पावसाळ्यात वर हिम पडले तर सगळाच डोंगर पांढरा. लोक त्याचाही फोटो काढतात आणि घरी गेल्यावर खाली रंगीत डोंगर आहे, असे सांगतात.

चढ ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी घोडे आहेत. घोड्यावर पर्यटक बसतो : पायात चार हजार मीटरला चालतील असे बूट, अंगात वारा-पाऊस-थंडी अडवणारे जाकीट, पाठीवर पाणी प्यायची नळी. घोड्याचा लगाम धरून शेजारून चालते ती खेड्यातली एक बाई; पायांत टायरच्या रबराच्या चपला, मोजे नाहीत, पाठीवर कापडात बांधलेले मूल. मधूनमधून ती पळतेही, कारण खाली दुसरे गिऱ्हाईक थांबलेले असते. शेवटच्या उभ्या चढाला घोडा थांबतो. त्याचा हिशेब तिथवरच ठरलेला आहे. तिथून पुढे वर जाणारी माळ दिसते ती अशी : वीस पावले, थांबा, कमरेवर हात, आकाशाकडे नजर, पुन्हा वीस पावले. सगळ्या खंडांतले, सगळ्या भाषांतले लोक एकाच तालात थांबतात. आणि वर पोचल्यावर मराठी कानांवर ओळखीचे शब्द पडतात.

“अहो, पोट आत घ्या जरा.”

“पोट आत घ्यायला आधी श्वास घ्यावा लागतो. तो घेऊ की नको, तेवढं सांग.”

“मग गॉगल तरी लावा. डोळे कसेसेच दिसतायत.”

गॉगल लागतो, फोटो निघतो, आणि त्या फोटोत काका एव्हरेस्टवीर दिसतात.

या साऱ्या धापाधापीत एक माणूस शांतपणे काम करून गेला. मार्तिन चांबी १८९१ मध्ये पुनो प्रांतातल्या कोआसा गावात जन्मला. क्वेचुआ बोलणाऱ्या शेतकरी घरातला. बाप खाणीत कामाला होता आणि तिथे खाणकंपनीच्या फोटोग्राफरांकडे पाहून पोराला कॅमेऱ्याचे वेड लागले. आरेकिपात उमेदवारी करून १९२० मध्ये तो कुस्कोत आला, स्टुडिओ थाटला आणि पुढली कित्येक वर्षे लग्नाच्या वराती, न्यायाधीश, भिकारी, जत्रा, पारुरोचा ठिगळांच्या कपड्यांतला उंचच उंच माणूस, सगळ्यांना काचेच्या पट्ट्यांवर उतरवत राहिला. माचू पिच्चूवरही गेला. त्याच्याकडे मेमरी कार्ड नव्हते. काचा होत्या, आणि त्या खेचरावर लादून डोंगर चढायचा, फुटू न देता उतरायचा. अशा वेळी माणूस एका मंदिराचे बावन्न फोटो काढत नाही. उजेडाची वाट बघतो, एक काढतो आणि निघतो. १९७३ मध्ये तो वारला. १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात त्याचे प्रदर्शन भरले. त्याच्या फोटोंत डोंगरातली माणसे कॅमेऱ्याकडे अशी बघतात की फोटो आपण नाही, तेच काढत आहेत असे वाटावे. अर्थात त्याला एक फायदा होता. त्याला धाप लागत नव्हती.

स्थानिकांचा हा फायदा बोलिव्हियाने फुटबॉलमध्ये पुरेपूर वसूल केला आहे. ला पास शहरातले स्टेडियम ३,६०० मीटरच्या वर आहे. २००७ मध्ये ‘फिफा’ने २,५०० मीटरवरचे सामने बंद करण्याचे ठरवले तेव्हा राष्ट्राध्यक्ष एव्हो मोरालेस निषेधासाठी साडेसहा हजार मीटरच्या सहामा पर्वतावर जाऊन फुटबॉल खेळून आले. २००८ मध्ये मॅराडोना स्वतः ला पासला येऊन, उंचीचा बाऊ करू नका हे दाखवण्यासाठी, एक सामना खेळला. बंदी मागे पडली. पुढच्या वर्षी, १ एप्रिल २००९ ला, तोच मॅराडोना अर्जेंटिनाचा प्रशिक्षक म्हणून मेस्सीला घेऊन त्याच मैदानावर आला आणि १-६ ने हरला. उंचीच्या बाजूने इतकी प्रामाणिक साक्ष कोणी दिली नसेल. २०१३ मध्ये मेस्सी तिथे ओकला आणि त्याचा सहकारी दी मारिया याला प्राणवायूचा मुखवटा लावावा लागला. तेव्हा ला पासच्या चढावर कॅमेरा गळ्यात अडकवून रडकुंडीला आलेल्या प्रवाशाने मन खट्टू करू नये.

त्याच शहराच्या वर, एल आल्तोच्या बाजूला, घोळदार ‘पोयेरा’ घागरे आणि बोलर टोप्या घालणाऱ्या आयमारा बायका राहतात. त्यांतल्या काही जणी वायना पोतोसी शिखराच्या तळांवर गिर्यारोहकांसाठी स्वयंपाक करायच्या, ओझी वाहायच्या. वर गेलेले साहेब काय बघून येतात, अशी त्यांना उत्सुकता वाटू लागली. २०१५ पासून त्या स्वतःच चढू लागल्या, घागऱ्यांसकट, बुटांना लोखंडी काटे लावून. जानेवारी २०१९ मध्ये या गटातल्या बायका आकोंकागुआवर पोचल्या. ६,९६१ मीटर, दक्षिण अमेरिकेतला सर्वांत उंच माथा. त्यांचे शिखरावरचे फोटो पाहिले की आपल्या जाकिटाच्या किमतीची पावती फाडून टाकावीशी वाटते.

आणि मग उयुनी. सालार दे उयुनी हे बोलिव्हियातले मिठाचे मैदान ३,६५० मीटरवर आहे आणि दहा हजार चौरस किलोमीटरपेक्षा मोठे. एवढ्या विस्तारात उंच-सखलपणा जेमतेम एक मीटरचा. इतके सपाट, की उपग्रहांवरची उंची मोजणारी यंत्रे त्यावरून जुळवून घेतात. फोटोग्राफरची इथे दोन्ही बाजूंनी कोंडी होते. मार्चच्या आतबाहेर पावसाचे पाणी साचले की आकाशाचा आरसा होतो, पण निवडुंगांच्या इंकावासी बेटापर्यंत गाडी जात नाही. जून-जुलैत बेट मिळते, आरसा मिळत नाही. दोन्ही मिळतील असे सांगणारा एजंट मात्र बाराही महिने मिळतो. कॅमेरा भोवतालचे पांढरे मीठ बघून गोंधळतो आणि ते राखाडी उतरवतो. त्याला जबरदस्तीने जास्त उजेड द्यावा लागतो. आकाश आधीच इतके गडद, की पोलरायझर लावला तर काळे पडते. ऊन खालूनही येते, त्यामुळे हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांना भाजते. याच भागातल्या लिकांकाबूर ज्वालामुखीवर २००३ मध्ये अतिनील निर्देशांक ४३ च्या वर नोंदला गेला. अकरालाच ‘अत्यंत धोकादायक’ म्हणतात.

इथला ठरलेला फोटो डायनासोरचा. क्षितिजापर्यंत अंतर कळायला काही खूणच नाही, म्हणून जवळचे खेळणे राक्षसाएवढे आणि लांबचा माणूस बोटभर दिसतो. जीपचा ड्रायव्हर गाडीच्या मागून रबरी डायनासोर काढतो, त्याची शेपटी चिकटपट्टीने जोडलेली. जुन्या गालिच्याचा तुकडा मिठावर अंथरून तो पालथा पडतो, फोन उलटा करून लेन्स जमिनीला टेकवतो आणि हातानेच खुणा करतो : मागे, आणखी मागे, डावीकडे, आता पळा, ओरडा. साठीची माणसे बँकेतल्या हुद्द्याची प्रतिष्ठा विसरून किंचाळत पळतात. वीस पावले पळून सगळे खाली बसतात, कारण उंची ३,६५० मीटर.

गटात एक जण नेहमी असा असतो, ज्याच्याकडे मोठा कॅमेरा, दोन लेन्स आणि तिवई असते. फोनने काढलेल्या फोटोंविषयी त्याचे मत त्याने विमानतळापासून सांगितलेले असते. तो आता पुढे येतो, पालथा पडतो. डायनासोर स्पष्ट आला की माणसे धूसर, माणसे स्पष्ट आली की डायनासोरचा धूर. मोठ्या सेन्सरचा हा गुणच आहे. त्याला जवळचे आणि लांबचे एकदम स्पष्ट धरता येत नाही, आणि फोनच्या टिचभर सेन्सरला ते बसल्याजागी जमते. साहेब छिद्र बारीक करतात, गणिते करतात, मिठात कोपरे सोलून घेतात. ड्रायव्हर अदबीने थांबतो, मग हळूच आपला फोन टेकवतो आणि एका फटक्यात फोटो काढतो.

रात्रीचा मुक्काम दक्षिणेकडच्या एखाद्या आश्रयघरात, चार हजार मीटरच्या वर. जेवणात सूप, आणि सूपमध्ये चुन्यो : रात्रीच्या कडाक्यात गोठवून, पायांनी तुडवून पाणी काढलेले आणि उन्हात वाळवलेले बटाटे. गटातले शाकाहारी आधी नाक मुरडतात. मग कोणीतरी आठवण करून देते की बटाटा अँडीजमधल्या तितिकाका सरोवराच्या परिसरातून जगभर गेला, बटाटेवड्याचे मूळ गाव ते. मग आदराने दोन चमचे जास्त घेतात. बाहेर उणे पंधरा. आकाशगंगा इतकी लख्ख की इंकांनी ताऱ्यांबरोबर तिच्यातल्या काळ्या डागांनाही आकार दिले. त्यातला एक लामा, ज्याचे डोळे म्हणजे मित्र आणि मित्रक हे तारे. तो टिपायला बाहेर गेलेल्याची बॅटरी थंडीने सहाव्या फोटोला मरते, आणि आत आल्यावर लेन्सवर धुके बसते.

आश्रयघरात सौर वीज. चार्जिंगला खोलीत एकच प्लग, तोही नऊपर्यंत. त्यावरून बारा माणसांत, पाच भाषांत, वाद पेटतो. मोठ्या कॅमेऱ्यावाले आपल्या तीन बॅटऱ्यांची बाजू मांडतात, कोणाला घरी सुखरूप असल्याचे कळवायचे असते, रेंज नसली तरी. तेवढ्यात कोणाच्या तरी लक्षात येते की दिवसभरातले सगळ्यांचे बरे आलेले फोटो ड्रायव्हरच्या फोनमध्ये आहेत, ते अजून कोणालाच मिळालेले नाहीत, आणि त्या फोनवर चार टक्के उरले आहेत. वाद मिटतो. प्लगला ड्रायव्हरचा फोन लागतो, आणि मोठ्या कॅमेऱ्याचे मालक वायरीवर कोणाचा पाय पडू नये म्हणून शेजारी खुर्ची टाकून बसतात.